दोन महिन्यांच्या बाळाला बडीशेपेचं पाणी द्यावं का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मला सात वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांचा मुलगा आहे. बाळ रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला रडायला लागतं ते नऊ वाजेपर्यंत थांबत नाही. पाय पोटाशी घेतं, तोंड लालबुंद होतं. सासूबाई म्हणतात, बडीशेप उकळून चमचाभर पाणी पाज, आमची पोरं यावरच वाढली. मला धीर होत नाही. मुलीचंही शाळेच्या दिवशी सकाळी बेंबीपाशी पोट दुखतं. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, जेवणानंतर त्यांचं पोट फुगतं. त्यांना साखरेची, रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी अशा गोळ्या चालू आहेत. मला स्वतःला दूध कमी येतंय असं वाटतं, त्यावर बडीशेपेचा चहा घे असं मैत्रिणीने सुचवलं. शिवाय बडीशेपेचं तेल बाळाच्या बेंबीला लावावं असंही वाचलं. वनस्पतीचंच तर आहे, त्याने काय होणार, असं सगळे म्हणतात. बाळाला नको म्हटलं तर सासूबाई दुखावतील. काय करू?
— गोंधळलेली आई

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. बाळाला बडीशेपेचं पाणी देऊ नका, चमचाभरही नाही. घरातल्या बाकीच्यांना मात्र बडीशेपेचा उपयोग होऊ शकतो. तो कुणाला, किती आणि किती दिवस, एवढंच नीट ठरवायला हवं. एकाच डब्यातली बडीशेप सासूबाईंना चालते आणि नातवाला चालत नाही, हे त्यांना पटवायचं तर त्यामागचं कारण तुम्हाला माहीत असायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाळाचं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन महिन्यांच्या बाळाचं पोट लहान असतं. त्यात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं आणि पाण्यातून पोषण तर काहीच मिळत नाही. एवढ्या लहान वयात मूत्रपिंडंही पूर्ण तयार झालेली नसतात, त्यामुळे वरचं पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सोडियम फार उतरलं तर बाळ सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. चमचाभराने हे होईल असं मी म्हणत नाही. पण चमचा एकावर थांबत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. बाळ रडलं की एक, पुन्हा रडलं की आणखी एक, आणि रात्री किती गेले याचा हिशेब कुणाकडेच नसतो. उकळून आटवलेल्या पाण्यात बडीशेपेचा अर्क किती उतरला, हेही घरी कळायला मार्ग नाही.

यावर कुणी तुम्हाला म्हणेल की बडीशेपेने बाळांचं रडणं थांबतं हे अभ्यासात दिसलंय. खरं आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे सव्वाशे बाळांपैकी काहींना बडीशेपेच्या तेलाचं अगदी विरळ मिश्रण दिलं होतं आणि काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. पहिल्या गटात ६५ टक्के बाळांचा त्रास थांबला, दुसऱ्या गटात सुमारे २४ टक्के बाळांचा. म्हणजे सासूबाईंचा अनुभव हवेतला नाही, बडीशेपेत गुण आहे. पण तिथे तेलाचं प्रमाण ठरलेलं होतं, बाळं तज्ज्ञांच्या नजरेखाली होती आणि औषध दिलं ते मोजून. घरच्या पातेल्यातल्या पाण्याला यातलं काहीच लागू होत नाही. त्या दुसऱ्या गटाकडेही पाहा. काही औषध न घेता जवळजवळ चौथा हिस्सा बाळं शांत झाली, कारण हा त्रास वयाबरोबर आपोआप ओसरणारा आहे.

तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे ठरावीक वेळेला सुरू होणारं, समजूत न पटणारं रडणं, त्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बहुतेक बाळांमध्ये थांबतं. तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे, म्हणजे सर्वांत अवघड आठवडे बहुधा मागे पडत आले आहेत. रडताना पाय पोटाशी घेणं आणि तोंड लाल होणं हे जोरात रडणाऱ्या कुठल्याही बाळाचं होतं. त्यावरून पोटातच दुखतंय असं ठरत नाही. रडताना बाळ हवा गिळतं, म्हणून नंतर वारा सरतो, आणि आपल्याला वाटतं की गॅसमुळेच ते रडत होतं.

मग संध्याकाळी करायचं काय? पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, घाई न करता. त्याला उघड्या छातीशी घ्या आणि वरून चादर ओढा, कातडीला कातडी लागली की पुष्कळ बाळं निवतात. दिवे मंद करा, टीव्ही बंद करा. दिवसभराच्या गडबडीनेच काही बाळं संध्याकाळी त्रासलेली असतात. उताणं ठेवून पाय सायकल चालवल्यासारखे हलकेच फिरवा. पंख्याचा एकसुरी आवाज काहींना शांत करतो. यातलं एक आज चालेल आणि उद्या चालणार नाही, तेव्हा खचून जाऊ नका. आणि जेव्हा तुमचाच धीर सुटतोय असं वाटेल, तेव्हा बाळाला पाळण्यात उताणं, सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा किंवा त्याला सासूबाईंच्या हाती द्या. थकलेल्या हातांनी बाळाला गदागदा हलवणं हा खरा धोका आहे, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाच मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही.

कॉलिक समजून बसू नये अशा गोष्टीही सांगते. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, टणक फुगलेलं पोट, दूध ओढायला नकार, नेहमीपेक्षा फार कमी लघवी, रडण्याचा आवाज एकदम वेगळा किंवा क्षीण होणं, किंवा बाळ सुस्त पडून जागं न होणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असेल तर रात्रीच. थांबून थांबून कळा आल्यासारखं रडणं, मधे एकदम पांढरं पडणं आणि लालसर चिकट शौच, हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं. तिथे एक तासही दवडू नये.

ग्राइप वॉटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बडीशेपेला नाही म्हटलं की घरात पुढचा विषय तोच निघतो. या बाटल्यांत बहुधा बाळंतशेपेचं किंवा बडीशेपेचं तेल, खाण्याचा सोडा आणि गोडवा असतो. जुन्या काळच्या कृतीत तर अल्कोहोलही असे. सहा महिन्यांखाली वरचं काही नको, हा नियम त्यांनाही लागू आहे. आणि घरी केलेल्या कुठल्याही काढ्यात मध घालून तो वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पाडू शकतात.

आता तेल. यावर मी ठाम आहे : बडीशेपेचं तेल घरात आणूच नका. साध्या गणिताने कारण कळेल. बडीशेपेच्या दाण्यात साधारण दोन ते सहा टक्के उडनशील तेल असतं. सपाट चहाच्या चमचाभर दाण्यांचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरतं. तीन टक्के तेल धरलं तर त्या चमच्यात ६० मिलिग्रॅम तेल झालं, आणि गरम पाण्यात त्यातलं थोडंच उतरतं. बाटलीतल्या तेलाचा एक थेंब ५० मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे एका थेंबात एका कप चहातल्याहून जास्त तेल आलं, आणि तेही दोन महिन्यांच्या बाळासाठी. लहान मुलांना उडनशील तेलं पोटात गेल्याने झटके आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. बेंबीला लावल्याने ते पोटातल्या गॅसपर्यंत पोहोचत नाही. बाळाची त्वचा पातळ असते, ती लाल होईल, पुरळ येईल, आणि तोच हात बाळ तोंडात घालेल. पोट चोळायचंच असेल तर नुसत्या कोमट हाताने, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकेच चोळा. तेवढं पुरे.

तुमच्या दुधाबद्दल. बडीशेपेने दूध वाढतं हा समज फार जुना आहे, पण त्याला आधार देणारे अभ्यास तोकडे आहेत. दूध वाढतं ते बाळाने वारंवार आणि नीट ओढल्याने. दूध जितकं रिकामं होईल तितकं नवं तयार होतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजताय का, रात्री पाजणं सुटलंय का, बाळ फक्त टोक पकडतंय की भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतंय, हे आधी पाहा. दूध खरंच कमी आहे का, याची खूणही घरात मिळते. दिवसाला सहा किंवा जास्त ओली लंगोटं आणि आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढणारं वजन असेल, तर दूध पुरतंय. बाळ संध्याकाळी रडतं म्हणजे ते उपाशी आहे, असं मानून पुष्कळ आया विनाकारण वरच्या दुधाकडे वळतात. तुम्ही घाई करू नका.

तरी चहा घ्यावासा वाटलाच तर? युरोपीय औषध संस्थेने २००७ साली बडीशेपेबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिने पुरेशी माहिती नसल्यामुळे गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी औषधी प्रमाणातल्या वापराची शिफारस केली नाही. जेवणातली किंवा जेवणानंतरची चिमूटभर बडीशेप ही वेगळी गोष्ट, ती चालते. दिवसभर थर्मास भरभरून पिणं मात्र नको. जास्त दुधाच्या आशेने बडीशेप, ज्येष्ठमध आणि आणखी काही वनस्पती घातलेला चहा रोज दोन लिटरहून जास्त पिणाऱ्या दोन मातांची नवजात बाळं सुस्त झाली, उलट्या करू लागली, नीट ओढेनाशी झाली, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. चहा थांबवल्यावर दीड दिवसाच्या आत बाळं सुधारली. त्या चहात बडीशेप एकटी नव्हती, पण प्रमाण सुटलं की काय होतं ते यातून दिसतं.

इथे एस्ट्रागोल या द्रव्याचाही उल्लेख करायला हवा. बडीशेपेचा गोड वास मुख्यतः ॲनेथोल या द्रव्याचा. त्याच तेलात थोडं एस्ट्रागोलही असतं. उंदरांना ते मोठ्या मात्रेत दिल्यावर यकृतात गाठी झाल्या, म्हणून २००१ साली युरोपातल्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने ते पोटात कमीत कमी जावं असा सल्ला दिला. आठवड्यातून दोनदा घेतलेल्या कपाने घाबरून जावं असं यात काही नाही. पण लहान मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी महिनोन्‌महिने रोज ते का घेऊ नये, याचं उत्तर इथे आहे. “वनस्पतीचंच तर आहे” असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की पोट शांत करणारं ॲनेथोल जसं त्या वनस्पतीचं, तसं एस्ट्रागोलही तिचंच.

तुमच्या मुलीला बडीशेपेचा चहा देता येईल. त्याच मार्गदर्शिकेत चार वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नये असं म्हटलंय, आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तीन ते पाच ग्रॅम कुटलेली बडीशेप, तीन वेळांत विभागून, तीही एका आठवड्यापेक्षा कमी दिवस आणि किरकोळ, तात्पुरत्या तक्रारीसाठीच. सात वर्षांच्या मुलीला मी एका वेळी सपाट अर्धा चमचा दाणे घेऊन अर्धा कप चहा द्यायला सांगेन. फक्त दुखेल तेव्हा, आणि दिवसातून दोनदा पुरे. रोजची सवय लावू नका. बडीशेपेचा चहा बरेच महिने नियमित प्यायलेल्या काही लहान मुलींमध्ये वयाच्या फार आधी स्तनांची वाढ सुरू झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. तपासणीत त्यांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीत्वाचं संप्रेरक, वाढलेलं आढळलं आणि चहा बंद केल्यावर ते उतरलं. चार-दोन कपांनी असं होत नाही. पण मूल आवडीने पितंय म्हणून रोज देणं बरं नाही.

खरं सांगायचं तर तिच्या पोटदुखीचं उत्तर बडीशेपेत असेल असं मला वाटत नाही. दुखणं फक्त शाळेच्या दिवशी, फक्त सकाळी आणि बेंबीपाशी, असं तुम्हीच लिहिलंय. सुट्टीच्या दिवशी ती अंथरुणातून थेट खेळायला पळते का? पळत असेल तर तिचं दुखणं खोटं आहे असं समजू नका. मनावरचा ताण मुलांच्या पोटात खरोखर दुखवतो. घरी नवं बाळ आलंय, आई दमलेली आहे, आणि सकाळी पोट दुखलं की आई दहा मिनिटं फक्त आपली होते, हे सात वर्षांच्या मुलीला न बोलता कळतं. वर्गात कुणी त्रास देतंय का, शाळेतलं स्वच्छतागृह वापरायला ती टाळते का, हेही विचारा, पण दुखत असताना नको, रात्री शेजारी झोपवून विचारा. दुसरं, तिला शौचाला रोज होतं का ते पाहा. लहान मुलांच्या बेंबीपाशी दुखण्याचं फार मोठं कारण बद्धकोष्ठ असतं आणि आई-वडिलांना ते लक्षातही येत नाही, कारण या वयात मुलं एकटी जातात. घाईत उपाशीपोटी शाळेत जात असेल तर त्यानेही दुखतं. दुखणं बेंबीपासून उजव्या बाजूला खाली सरकलं, सोबत ताप किंवा उलटी आली, चालताना ती वाकून चालू लागली, दुखण्याने मध्यरात्री जागी झाली किंवा वजन घटलं, तर चहा देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता ज्यांना बडीशेप खऱ्या अर्थाने मानवेल त्या सासूबाई. जेवणानंतर पोट फुगणं, वारा अडकणं, बारीक कळ येणं, याच तक्रारींवर बडीशेपेची जुनी ओळख आहे. तिच्या तेलातली द्रव्यं आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंचा ताठरपणा कमी करतात, अडकलेला वारा पुढे सरकतो आणि कळ ओसरते. मोठ्या माणसांसाठी प्रमाण असं : दीड ते अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा ताजी कुटलेली बडीशेप, एका मोठ्या कपभर उकळत्या पाण्यात. दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सलग दोन आठवड्यांहून जास्त नाही. सासूबाईंना दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर एकेक कप पुरेल.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना कुठलीही वनस्पती औषधी प्रमाणात रोज घ्यायची तर आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा. गोळीचं नाव वाचून ते दोन मिनिटांत उत्तर देतील. साखरेचा आजार असल्याने रंगीत, साखर चढवलेली बडीशेप टाळावी, चहाही बिनसाखरेचा घ्यावा. कधी अँटिबायोटिक सुरू झालं तर त्याच्या वेळेच्या आसपास हा चहा नको. सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाचं शोषण बडीशेपेमुळे घटल्याचं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय, तेव्हा ते चालू असेल तेवढे दिवस चहा बंदच ठेवलेला बरा. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा इस्ट्रोजेनवर वाढणारा आजार कुणाला असेल किंवा होऊन गेला असेल, तर औषध म्हणून बडीशेप घेऊ नये. गाजर, सेलरी, धणे यांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही सांभाळून, कारण ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू होऊ शकते.

आणि कृपा करून हे सासूबाईंना वाचून दाखवा : छातीच्या खाली जडपणा, सोबत घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, हे गॅस म्हणून चहा पीत बसायचं दुखणं नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसांना हृदयविकाराचा झटका येताना छातीत कळ न येता नुसती पोटात अस्वस्थता जाणवू शकते. त्या वेळी रुग्णालय, बाकी काही नाही. पोट फुगण्याबरोबर वजन उतरणं, घास अडकणं, काळी किंवा रक्ताळ शौच, किंवा आतापर्यंत नसलेला त्रास साठीनंतर अचानक सुरू होणं, यांचीही तपासणी आधी करून घ्यावी आणि मग चहा.

चहा करायची रीत बहुतेक घरांत चुकते, म्हणून ती सांगते. दाणे आख्खे उकळू नका आणि आधी दळून ठेवलेली पूडही वापरू नका. तेल दाण्याच्या आत, सालीखालच्या बारीक नळ्यांत असतं. दाणा फुटल्याशिवाय ते पाण्यात नीट उतरत नाही, आणि फुटल्यावर लगेच उडायला लागतं. म्हणून ऐन वेळी चमचाभर दाणे खलबत्त्यात टाका आणि दोन-चार ठोके द्या. भुगा नको, दाणा फक्त भरडला जावा. तेवढ्यात वास नाकाशी येतो, तो आला की समजावं दाणे चांगले आहेत. वास आलाच नाही तर त्या बडीशेपेत आता औषध उरलेलं नाही. भरड कपात घालून वर उकळतं पाणी ओता आणि लगेच झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं, कारण वाफेबरोबर उडून जाईल तेच तर आपल्याला हवं असतं. पंधरा मिनिटं तसंच ठेवा. झाकण उचललंत की त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील, ते कपातच निथळू द्या. गाळून कोमट असताना घोट घोट प्या. पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळलेला काढा रंगाला गडद होतो, म्हणून तो कडक वाटतो, पण त्यातलं बरंच तेल स्वयंपाकघरभर पसरलेलं असतं.

बडीशेप आणताना गर्द हिरवी पाहून भुलू नका. चांगला दाणा हिरवट पिवळा असतो, अंगावर उभ्या रेघा स्पष्ट असतात आणि बोटांत चुरडला की गोडसर वास येतो. शंका आली तर चिमूटभर दाणे पाण्यात टाका, लगेच हिरवं पाणी सुटलं तर रंग लावलेला आहे. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, उन्हापासून आणि शेगडीपासून लांब ठेवा. बाळंतशेप ही दुसरी वनस्पती, तिचे दाणे चपटे, तपकिरी आणि वास उग्र. दोन्ही डबे शेजारी असतील तर चिठ्ठी लावा. चक्रीफूल मात्र बडीशेपेच्या ऐवजी मुळीच वापरू नका. वास सारखा असला तरी ते वेगळ्याच झाडाचं फळ आहे, आणि त्यासारखंच दिसणारं जपानी चक्रीफूल विषारी असतं. चक्रीफुलाच्या चहाने बाळांना झटके आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली त्याविरुद्ध इशारा दिला होता. घरात रांगणारं मूल होईल तेव्हा बडीशेपेची वाटी उंचावर ठेवा, आख्खे दाणे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. चार-पाच वर्षांपर्यंत नुसते दाणे चघळायला देऊ नयेत.

पुढे अंगावर पाजणं थांबल्यावर तुम्हाला स्वतःला पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळा येत असतील, तर त्या दोन-तीन दिवसांपुरता हाच चहा घेऊन बघा. काही छोट्या अभ्यासांत बडीशेपेने पाळीच्या वेदना कमी झाल्याचं दिसलंय. आराम नाही पडला तर नेहमीची वेदनाशामक गोळी घ्यायला संकोच नको.

सासूबाईंना कसं सांगायचं, हा तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक प्रश्न. त्यांना नातवाचं रडणं बघवत नाही, त्यातून ही सूचना आली आहे. तेव्हा “डॉक्टर नको म्हणतात” एवढंच सांगून विषय बंद करू नका. म्हणा, “आई, बडीशेपेचा गुण खरा आहे, पण बाळाला सध्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. तुमच्या पोटासाठी करून देते. डॉक्टरांना गोळ्यांचं विचारून घेतलं की आजपासूनच सुरू करू.” आणि संध्याकाळच्या त्या अडीच तासांतला एक तास त्यांच्यावर सोपवा. अनुभवी हातांत बाळ पुष्कळदा शांत होतं, तुम्हाला जेवायला आणि मुलीजवळ बसायला वेळ मिळतो. त्यांनी बाळाला काही पाजलंच असेल तर त्यांच्यावर रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते तुमच्यापासून लपून होईल, आणि बाळाला काय दिलंय हे आईला माहीत नसणं जास्त वाईट.

पुढच्या लसीकरणाच्या वेळी बाळाचं वजन आवर्जून करून घ्या आणि डॉक्टरांना रडण्याच्या वेळा सांगा. ते वजन, मुलीला शौचाला किती दिवसांनी होतं ते, आणि सासूबाईंच्या डॉक्टरांनी चहाबद्दल काय सांगितलं, एवढं मला कळवा. मुलीच्या पोटदुखीबद्दल मग आणखी नेमकं लिहिता येईल.